देवमुशीखालचे चौदा टूना

प्रिय झुलैखाताई,

धाकट्या भावाचा सलाम. तू बरी असशील, भावोजींची कंबर सुधारली असेल आणि राजधानीत, मालेच्या ऑफिसात तू अजून त्याच खिडकीपाशी बसत असशील, असं धरून चालतो. इकडे बेटावर सगळं ठीक आहे. आई ठीक, कोंबड्या ठीक. बाबा तेवढे तीन दिवस अंगणातल्या जाळीच्या खुर्चीत बसून आहेत आणि जेवण झाल्यावर सुपारीसुद्धा मागत नाहीत. (मग ठीक कसलं, असं तू म्हणशील. तेच सांगायला बसलोय.)

हेल्गाबाई म्हणून एका पाहुणीची चार पानी तक्रार तुमच्या डायव्हिंग कंपनीच्या ऑफिसात पोचलीच असेल. बाबांना पाहुण्यांच्या बोटीवर, आपल्या धोणीवर, ठेवायचं की नाही, हे साहेब पुढच्या गुरुवारी ठरवणार आहेत. तक्रारीतलं सगळं खरं आहे. पण ते कसं घडलं, ते घरच्या माणसाकडून ऐक.

मंगळवारी सकाळी आठ पाहुणे पाठीला हवेच्या टाक्या बांधून पाण्यात उतरले. सोबत वाटाडे म्हणून मी आणि विशाम. वर धोणीवर एकटे बाबा. बारा मीटरवर देवमुशी आली, आपल्या धोणीएवढी लांब, तोंड असं उघडं की आपली हातगाडी सहज आत जावी. (ती फक्त बारीकसारीक जीव गाळून खाते, हे पाहुण्यांना वर सांगितलेलं असतं, खाली कुणाला आठवत नाही.) हेल्गाबाई निवृत्त शिक्षिका. माशापासून तीन मीटर लांब राहायचं, हा नियम त्यांना पाठ होता. देवमुशीला मात्र तो कुणी शिकवला नव्हता. ती सरळ बाईंच्या अंगावर आली, तेव्हा बाईंनी तिलाच तीन बोटं दाखवून मागे सरकायला सांगितलं. ती खालून निघून गेली. बाईंना वाटलं, ऐकलं.

इथवर सगळं छान होतं. पण ताई, देवमुशीच्या आसऱ्याला टूना असतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं: देवमुशी शोधायची आणि तिच्याभोवतीचा टूना गळाच्या काठीने उपसायचा. वरून त्यांना देवमुशीची सावली दिसली, मग टूना पाण्यावर उसळताना दिसला, आणि आठ पाहुणे डोक्यातून साफ गेले. छपराखालची काठी (आई दोन वर्षं टाकून द्या म्हणतेय ती) हातात आली आणि धोणी माशांमागे निघाली.

पाहुणे वर आले तेव्हा धोणी अर्धा मैल लांब. बाईंनी शिट्टी फुंकली. बाबा वळूनही न बघता ओरडले, "ए, कोण रे तो शिट्टी फुंकतोय? मासा पळेल ना!" बाकीच्यांनी हात हलवले. पाहुणे खूश दिसतात, म्हणून बाबांनीही हात हलवला. चाळीस मिनिटं मंडळी तरंगत होती. शेवटी धोणी आली ती चौदा टूना घेऊन.

बाबांची चूक झाली, मी नाकारत नाही. पण त्यांच्या वयाकडे बघून साहेबांना चार शब्द सांग. भावोजींना आणि मुलांना सलाम.

तुझा भाऊ,
शियाम

ता. क. – अर्ध्या मैलावरून मला बाबांचं बोलणं कसं ऐकू आलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी खाली नव्हतो. कान दुखला म्हणून पाच मिनिटांत वर आलो होतो. देवमुशी कशी होती ते मला विशामने सांगितलं. वर राहणाऱ्याने पाहुण्यांच्या बुडबुड्यांवरून नजर हलवायची नाही, हा नियम बाबांना मीच शिकवलाय. छपराखाली काठ्या दोन होत्या.

आणखी एक. साहेबांनी बेटावर येऊन विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगा खाली पाण्यात होता. मी एकटाच होतो." मी शेजारी उभा राहून मान हलवली. ताई, तेव्हापासून मी अंगण टाळून मागच्या दाराने ये-जा करतोय. वरचं पत्र फाडून टाक आणि ही पुरवणी तेवढी गुरुवारच्या आत साहेबांच्या टेबलावर ठेव. ज्या माणसाने उभ्या जन्मात पाच मासे काढून सहा सांगितले नाहीत, त्याने चौदाच्या चौदा आपल्या नावावर घेतले. त्यातले नऊ माझे होते.