शबानाच्या उत्तरावरची लाल रेघ

नांदुरा, मंगळवार, संध्याकाळ

ख्रिस्ती धर्मातल्या क्षमेवर शबानानं पेपरात लिहिलं होतं, येशूच्या गोष्टीत घर सोडून गेलेल्या मुलानं माफी मागायच्या आधीच बाप त्याच्याकडे धावला. मी लाल रेघ मारली. 'आधी पश्चात्ताप, मग क्षमा' असं शेजारी लिहिलं.

आज वर्गात ती हळूच म्हणाली, "सर, बाप पयलेच धावला नं? पोरगं तं अजून दूरच होतं."

पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर. दहा वर्षं शिकवतोय हे. मग रेघ काऊन मारली? मार्क वाढवले, रेघ राहिलीच.

परवा बसस्टँडवर वडनेरला राहणारा माझा धाकटा भाऊ दिसला. वर्षभराचा अबोला, तरी दोन पावलं माझ्याकडे आला. आधी त्यानं माफी मागावी, म्हणून मी पाठ फिरवली.

तिथून घरी येऊन शबानाचा तोच पेपर तपासायला घेतला होता.