करडा प्रीअँप आणि मूळ ध्वनिमुद्रण यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा ध्वनिमुद्रणाचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणतात. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट लेक म्हणाली, "आई, इतकी काय घाई आहे?" घाई नाही, म्हणूनच नीट लिहिता येते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर लेकीला. मागची खोली, जिच्या भिंतींना मी आवाज घुमू नये म्हणून जुन्या रजया ठोकल्या आहेत, ती जावयांना कोंदट वाटते. त्यांनी खुशाल तिथे खिडकी पाडावी.

कलम २. बँकेत जे असेल तेही लेकीचेच. वाटणीवरून भांडायला तिला भावंड नाही, एकुलती असण्याचा तेवढाच फायदा.

कलम ३. दोन्ही माइक, त्यांचे स्टँड, सगळ्या वायरी आणि करडा प्रीअँप माझ्या शिष्येला, जी आता चौघींचा वाद्यमेळ चालवते. प्रीअँप म्हणजे माइकमधून येणारा अगदी बारीक आवाज वापरण्याजोगा मोठा करणारा डबा. हा खुलासा वकीलबाईंसाठी, कारण त्यांनी कच्च्या यादीत "लोखंडी डबा, किरकोळ" असे लिहिले होते.

शिष्येला सूचना: पुढेमागे दुसरा घ्यावा लागला तर खोक्यावर छापलेल्या आकड्यांना भुलू नकोस. आपला माइक आणि हेडफोन घेऊन जा. दोन डबे शेजारी ठेव, दोन्हींचा आवाज कानाने सारखा कर आणि मग कोणीही न बोलता ऐक. बारीक वाजणाऱ्या वाद्यासाठी बटण जवळजवळ शेवटापर्यंत फिरवावे लागते. तिथे गेल्यावर डब्याचा खरा स्वभाव कळतो. माणसांचेही तसेच. समोरासमोर बसून वाजवणाऱ्यांना दोन चांगले माइक पुरतात, तेव्हा आठ माइकांच्या खोगीरभरतीऐवजी दोनच माइकांचा, पण शांत डबा घे. आणि डब्याला नावे ठेवण्याआधी खोलीतला पंखा बंद कर.

कलम ४. या कलमान्वये कोणाला काही मिळत नाही. पण करडा डबा कसा आला ते सांगितल्यावाचून तो दुसऱ्याच्या हाती देणे माझ्या जिवावर येते.

माझे यजमान सेलो वाजवत. म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य. धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, बासरी वाजवत. आणखी काही मंडळी मिळून त्यांचा मेळ होता. एका वर्षी यजमानांचा उजवा हात कापू लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. गज जोराने ओढला की थरथर वाढे, म्हणून ते हळू वाजवू लागले, मग आणखी हळू. एकदा मला म्हणाले, "सगळ्यांबरोबरचं एकदा नीट धरून ठेव. पुढच्या हिवाळ्यात मी वाजवेन असं वाटत नाही."

मेळासाठी भावजींनी हौसेने बरेच माइक एकत्र जोडायचा मोठा मिक्सर आणला होता, अंगभर बटणे असलेला. सेलो ऐकू येईल इतका आवाज मी वाढवला, तर सोबत असा फुसकारा उठला की जणू खोलीत कोणी स्टोव्ह पेटवला आहे.

"वहिनी, दादाला जरा जोरात वाजवायला सांगा," भावजी म्हणाले. "नाहीतर महागडा प्रीअँप आणा. स्वस्त आणि शांत, दोन्ही एकदम मिळत नाही."

यजमान गज पुसत बसले.

महागडा परवडणार नव्हता. औषधे आधी होती. मी जुनी यंत्रे विकणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे खेटे घालू लागले. एकेक डबा लावायचा, ऐकायचा, परत द्यायचा. चकचकीत तोंडाचे बहुतेक सगळे पोकळ वाशाचे निघाले. दुरुस्तीवाला वैतागला. "बाई, डबा घेताय की स्थळ बघताय?" शेवटी त्यानेच फळीच्या मागून एक पोचे पडलेला, करडा डबा काढला. बटण टोकाला नेले, तर मला ऐकू आले त्याच्या भिंतीवरचे घड्याळ, रस्त्यावरची सायकल आणि त्याने गिळलेला चहाचा घोट. डब्याची स्वतःची खरखर मला शोधावी लागली. मी घासाघीस न करता घेतला.

सुट्टीच्या दुपारी आम्ही वाचनालयाचे सभागृह मागून घेतले. पहिले मुद्रण ऐकताना भावजींनी मध्येच हेडफोन काढले. बासरीखाली सेलो बुडतो आहे, हे त्यांना सांगावे लागले नाही. उठून आपली खुर्ची सगळ्यांच्या मागे नेली आणि म्हणाले, "पुन्हा घेऊ." या वेळी सगळा मेळ यजमानांच्या आवाजाइतका खाली उतरला. शेवटचा सूर एकट्या सेलोचा होता. तो थरथरला, सावरला, आणि विझायला त्याने बराच वेळ घेतला. हेच ते मुद्रण.

कलम ५. मूळ ध्वनिमुद्रण धाकट्या दिरांना. अट एकच, ते साफ करू नये.

अट का, तेही लिहिते. यजमान गेल्यावरच्या शोकसभेत भावजींनी सगळ्यांना या मुद्रणाच्या प्रती वाटल्या, त्याही कोणाकडून तरी संगणकावर साफ करून. संगणकाला थरथर म्हणजे कचरा वाटला असावा. शेवटचा सूर तर कात्रीने कापल्यासारखा तुटला होता. मी सभेतून उठून गेले. तेव्हापासून आमच्यात "या, बसा" पलीकडे बोलणे नाही.

पुरवणी, सहीच्या दिवशीची. ठरलेले दुसरे साक्षीदार आजारी पडले, म्हणून लेकीने मला न विचारता काकांना फोन केला. भावजी आले, पेन काढून बसले. वकीलबाईंनी अडवले, "ज्यांना यातून काही मिळणार, त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं."

"मला काय मिळणार?" म्हणून त्यांनी कागद ओढला. चौथे आणि पाचवे कलम वाचले. चष्मा काढला.

"वहिनी, खरखर घालवायला नव्हतं हो साफ केलं. दादाचा हात कापतोय हे चारचौघांनी ऐकू नये, एवढंच वाटलं."

इतकी वर्षे मी याला त्यांचा आगाऊपणा समजत होते.

"त्यांना ते ऐकवायचं होतं, भावजी," मी म्हटले. "म्हणून तर मी डबा शोधत फिरले."

मग मला वाटले, हे द्यायला मी मरायची वाट कशाला बघायची? मागच्या खोलीत नेऊन त्यांना बसवले, हेडफोन दिले. वकीलबाई बाहेर थांबल्या. मुद्रण संपले तरी भावजींनी हेडफोन काढले नाहीत.

"इतका लांब होता होय तो सूर?" ते म्हणाले. "परत लावता?"

मी परत लावले.

सबब, मूळ ध्वनिमुद्रण मी हयातीतच, बिनशर्त देऊन टाकले असल्याने कलम ५ रद्द समजावे. मी ते खोडलेले नाही, नुसती शेजारी सही केली आहे.

ठिकाण : राहते घर
दिनांक : नऊ नोव्हेंबर

सही : मृत्युपत्र करणारी

साक्षीदार
१. आमचे डॉक्टर (सही)
२. धाकटे दीर, बासरीवादक (सही). या मृत्युपत्रातून मला काहीही मिळायचे राहिलेले नाही.