हार्लेखच्या किल्ल्याबाहेर

क्रिकिएथ, मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय नेस्टा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, अशी मला धास्ती आहे. नाताळच्या कार्डाखेरीज आपण एकमेकींना काही लिहिल्याला आता बत्तीस वर्षं झाली. पण आज बाबांविषयी लिहायचं आहे. तू त्यांच्या मातीला आली नाहीस, आणि अजूनही त्यांना माफ केलेलं नाहीस, हे मला एलेरीकडून कळतं. आपल्या या आतेबहिणीच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मग हवं तर शेगडीत घाल.

मार्टिन गेल्याचंही तिनेच सांगितलं. मी दुकानातून कार्ड आणलं, तीन ओळी लिहिल्या, आणि ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्येच पडून आहे. नात्याने मेव्हणा, पण ज्या माणसाला मी आयुष्यात दोनदा भेटले, त्याच्याबद्दल त्याच्या बायकोला काय लिहायचं ते सुचेना. आता तूही त्या श्रॉपशरच्या घरात एकटीच जेवत असशील. इथे माझी तीच गत आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं रोज शंभर-सव्वाशे पोरांचं रांधलं, त्यामुळे एका माणसाचा अंदाज अजून येत नाही. मेंढीच्या मटणाचा रस्सा केला की तो सोमवारपासून गुरुवारपर्यंत मलाच संपवावा लागतो. रविवारी चॅपलमध्ये आम्ही नऊ जणी असतो, त्यातल्या चौघींना ऐकू येत नाही. चार सुरांत गाणारं आपलं ते चॅपल! आता एका सुरात गायलो तरी खूप झालं.

दोन वर्षांपूर्वी मी एक खूळ केलं. आपल्या टेकडीवरच्या किल्ल्याच्या तिकीटघरात हेलेद नावाची पोर बसायची. मी रोज खालच्या रस्त्याने समुद्रावर फिरायला जायची, तर एक दिवस तिने वरूनच हाक मारली, “मावशी, रोज पायथ्याशी फिरता, वर यायला काय किल्ला चावतो का?” गेले वर. तिने चहा दिला आणि बोलता बोलता मला वर्षाची सभासद करून टाकलं. सभासदाने आपल्या मुलखातल्या सगळ्या जुन्या किल्ल्यांत, मठांत हवं तेव्हा जावं, तिकीट नाही. अर्जावर दुसऱ्या सभासदाच्या नावासाठी एक ओळ होती. हेलेद पेन धरून थांबली. मी म्हटलं, पुढे चल. पोस्टाने कार्ड आलं, सोबत मोटारीच्या काचेला लावायचा स्टिकर. माझ्याकडे मोटार कुठली! तो मी स्वयंपाकघराच्या खिडकीला लावला आहे.

मग काय, डबा घेऊन बसने हिंडायला लागले. डोल्बादार्न पाहिला, कास्तेल अ बेरे पाहिला, गुडघे बोलायला लागेपर्यंत चढले. परत येऊन हेलेदला सगळं सांगायचं, तिने मनुका घातलेल्या बारा ब्रिथ पावाचा तुकडा पुढे करायचा, असा आमचा शिरस्ता पडला. एकदा ती कपाळावर हात मारून म्हणाली, “मावशी, तुम्ही बसने हिंडलात ते सगळे किल्ले तसेही फुकट आहेत! कार्ड चालतं ते कॅर्नारव्हन, कॉनवी, हार्लेखला, आणि तिथे तुम्ही पाऊल टाकत नाही. असं गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो.” मी तिला बाबांचा नियम सांगितला. आपल्या राजांनी बांधले ते आपले किल्ले. इंग्रजांच्या राजाने आपल्याला दाबायला बांधले त्यांचा उंबरठा ओलांडायचा नाही, आणि वर त्यासाठी पैसे तर मुळीच मोजायचे नाहीत. हेलेद पोट धरून हसली. म्हणाली, “माझे आजोबाही अस्सेच होते. हार्लेखसमोरून जाताना तोंड फिरवायचे.”

तुला ती शाळेची सहल आठवते ना? सगळा वर्ग हार्लेखला गेला आणि फक्त ग्रिफ पोस्टच्या, म्हणजे टपाल वाटणाऱ्या आपल्या बाबांच्या, धाकट्या मुलीच्या चिठ्ठीवर सही झाली नाही. तू दिवसभर कोळशाच्या खोलीत जाऊन रडलीस. माझ्या वेळीही त्यांनी सही केली नव्हती, पण मी रडले नाही. मी शहाणी मुलगी होते. शहाणं असण्याची मला फार हौस होती.

गेल्या हंगामात हेलेदची बदली झाली, नेमकी हार्लेखला. इथे तिच्या जागी एक गृहस्थ आले, भले आहेत, पण कार्ड बघून मान हलवतात आणि पुन्हा वर्तमानपत्रात जातात. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की गेले तीन आठवडे माझं नाव कुणी उच्चारलेलं नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने “मेन्ना” म्हणून पाहिलं आणि मलाच कसंतरी झालं. दुसऱ्या दिवशी हार्लेखची गाडी पकडली. बाबांचं तत्त्व मी मोडलं ते कुठल्या मोठ्या विचाराने नाही, एका पोरीने “या मावशी” म्हणावं म्हणून. तिने म्हटलंही. “अखेर गड पडला म्हणायचा!” असं ओरडून काउंटरच्या बाहेर आली आणि मला मिठी मारली.

आत गेले. अंगण, गवत, उंच भिंती. तुझ्या लग्नाचे फोटो जिथे काढले ती जागा एलेरीने दाखवलेल्या अल्बमवरून लगेच ओळखली. मग जिना चढून गावाच्या बाजूच्या तटावर आले आणि खाली पाहिलं, तर समोर रस्त्यापलीकडे तो बाक. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी आणि बाबा बसलो होतो तोच. स्वच्छ दिसतो गं वरून. बाकावर एक बाई मुलाला सँडविच भरवत होती, तिच्या बांगडीची चमकसुद्धा दिसत होती. लग्नानंतर तू एकच पत्र लिहिलंस, त्यात होतं, “ते उठून दारापर्यंत आले आणि पाठ फिरवून गेले. मी पाहिलं.” मला कायम वाटायचं, कुणीतरी तुला तिखटमीठ लावून सांगितलं असेल. तू इथे उभी होतीस, होय ना? पांढऱ्या झग्यात, या वाऱ्यात, आम्हांला बघत. मी तिथेच दगडावर बसले. हेलेद वर शोधत येईपर्यंत उठले नाही.

तू जे पाहिलंस ते खरं आहे, पण वरून ऐकू आलं नाही ते आता लिहिते.  बाबा लग्नाच्या कचेरीतल्या सहीला आले, मेजवानी होती त्या किल्ल्यापर्यंत आले, आणि चॅपलला घालायची ती काळी हॅट मांडीवर घेऊन बाकावर बसले. आतून हार्प ऐकू यायला लागली तसे एकदम उठले. हॅट घातली आणि म्हणाले, “चल मेन्ना. दगडच आहेत शेवटी. पोर आत आहे.” मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले आणि त्यांची बाही धरली. म्हटलं, “लिव्हरपूलच्या रेमंडला मी तुमच्या शब्दाखातर नाही म्हटलं. इंग्रज जावई नको म्हणालात, मी ऐकलं. आज तिच्यासाठी सगळं मोडता? माझ्यासाठी कधी काय मोडलंत?” रेमंडबद्दल तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा इतका म्हातारा मी त्याआधी पाहिला नव्हता. ते वळले आणि बाकावर येऊन बसले. तुझं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, मी तिला खरं कळवते. तर म्हणाले, “नको. तिला माझा राग येऊ दे. मी आज आहे, उद्या नाही. तुझा राग आला तर तुम्ही दोघी एकमेकींना कशा उरणार?” मला ते सोयीचं वाटलं आणि मी गप्प बसले. पुढच्या वर्षी ते गेले, आणि आपण एकमेकींना तरीही उरलो नाही. येता रविवार सोडून पुढचा फुलांचा रविवार आहे. सगळं गाव थडगी घासायला, फुलं वाहायला येईल, आणि दर वर्षी मी एकटीच बादली घेऊन जाते. नेस्टा, या वेळी ये. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण त्यांच्याशी बोल. त्या दिवशी ते तुझ्याकडेच निघाले होते.

अजूनही तुझीच,
मेन्ना