एका गाठीची पिशवी

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून तुमचीच चूक सांगून पोट भरते. गावोगावच्या डॉक्टरांना, वनरक्षकांना सर्पदंशाचं शिकवते. मण्यारीचं चित्र पडद्यावर आलं की म्हणते, विषारी सापाची पिशवी एका जाणत्या प्राध्यापकांनी नुसत्या हाताने उघडली आणि त्यातच ते गेले. सगळे माना खाली घालून लिहून घेतात. परवा हरसूलला एक वनरक्षक म्हणाला, येवढा जाणता माणूस असं कसं करंल, मॅडम? मी म्हटलं, फाजील आत्मविश्वास. शब्द किती सहज निघाले म्हणून सांगू! माझी मलाच भीती वाटली.

शहाण्णव सालची गोष्ट. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आणि डोक्यात एकच खूळ, पुढे साप-बेडकांवरच शिकायचं. पिंपळगावला आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस. आण्णा म्हणाले, गारुड्याकडं पुंगी तरी असती, तुझ्याकडं काय हाय? मग एका रविवारी तुम्ही एसटीने आमच्या घरी आलात. संग्रहालयात नमुने सांभाळायचं काम असतं, वनखात्याच्या परीक्षा असतात, लसीसाठी विष काढणाऱ्या प्रयोगशाळा असतात, आणि काहीच नाही जमलं तर माझ्यासारखी मास्तरकी आहेच, असं तुम्ही शांतपणे समजावलंत. पोरीला नजर आहे, म्हणालात. आण्णा विरघळले. त्याच महिन्यात तुम्ही एका संग्रहालयातल्या सुट्टीच्या कामासाठी वर्गातल्या एकाच नावाची शिफारस करणार होतात. ते नाव माझंच असायला हवं होतं, बस्स.

आणि पॅकहाऊसमध्ये रिकाम्या क्रेटखाली साप निघाला. मजूर काठ्या घेऊन आले. मुकादम म्हणाला, लय वंगाळ जनावर हाय, ताई, बाजूला व्हा. मी ठणकावून सांगितलं, कवड्या आहे, बिनविषारी. तसं म्हटलं नसतं तर त्यांनी ठेचलाच असता. तुम्ही शिकवलं होतंत, कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक, मण्यारीचे शेपटीकडे ठळक. मान क्रेटखाली होती, मला दिसलीच नव्हती. काठीने त्याला कापडी पिशवीत लोटलं आणि दोन गाठी मारल्या. तुमचा नियमच होता तो. बिनविषारीची खात्री असेल तर एक गाठ, विषारी किंवा शंका असेल तर दोन. एसटीत पिशवी मांडीवर होती. आत काडीचीही हालचाल नाही, नुसता गारवा लागत होता. नाशिक जवळ आलं तसं वाटायला लागलं, दोन गाठी बघून सर म्हणतील, हिला साधा कवड्या ओळखता येत नाही. कॉलेजच्या फाटकाशी मी एक गाठ सोडली.

तुम्ही ती एक गाठ बघितलीत आणि बोलता बोलता हात आत घातलात. "चावला वाटतं जरासा," म्हणून हसलात. घंटा झाली होती, पिशवी तशीच बांधलीत, म्हणालात तासानंतर बघू. दुखत नव्हतंच तुम्हाला. मण्यार दुखू देत नाही. फळ्यावर तुम्ही बेडकाचं हृदय काढताय, आणि हळूहळू तुमच्या पापण्या उतरताहेत. आवाज नाकातून यायला लागला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. मग तुम्ही वळलात, माझ्याकडे बघितलंत, काहीतरी म्हणायला गेलात, पण जीभ वळली नाही. खडू मात्र फळ्यावर चालतच होता, खाली खाली घसरत. तुम्हाला उचलून नेल्यावर मी पिशवी जराशी उघडून बघितली. बघितलं आणि दोन गाठी मारल्या. मण्यार आहे म्हटल्यावर हात आपसूकच मारतात. पुढे सगळ्यांनी बघितली ती दोन गाठींची पिशवी.

इस्पितळात काकू तुमच्या उशाशी होत्या. यंत्र श्वास देत होतं, तुम्ही निपचित. काकूंनी मला विचारलं, "गाठी किती होत्या गं?"

मी म्हटलं, "दोन."

पहाटे तुम्ही गेलात. पुढे एम.एस्सी.ला असताना वाचलं, मण्यार चावलेला माणूस मेल्यासारखा दिसतो, पापणी हलत नाही, बोट हलत नाही, पण त्याला बहुतेक वेळा सगळं ऐकू येत असतं. ते वाचून मी ग्रंथालयात पुस्तक मिटून बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. आता दरवेळी डॉक्टरांना मी हे आवर्जून सांगते, पेशंटच्या उशाशी काहीबाही बोलू नका. का ते कुणी विचारत नाही.

तुमच्यानंतर काकूच आण्णांना भेटल्या, तिचं शिक्षण थांबवू नका म्हणून. तुमची सगळी पुस्तकं मला दिली. दिवाळीला जाते मी त्यांच्याकडे. चकली पुढे करत त्या दरवर्षी तेच म्हणतात, दोन गाठी दिसत होत्या तरी हात घातला, माझा विचार एकदाही मनात आला नसेल का गं? बारा वर्षं त्या तुमच्यावर रुसून आहेत, सर. मी चकली खाते.

हे कुठे पाठवायचं, ते मला चांगलं ठाऊक आहे. काकू त्याच घरात राहतात, पत्ता मला तोंडपाठ आहे. म्हणूनच तर तुम्हाला लिहिलं.