वण किती राहील

१२ नोव्हेंबर २०१८
डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटीच. आईला सांगितलं, लायब्ररीत पुस्तकांची मोजणी आहे.
दुरुस्ती — मोजणी होती, पण ती कालच संपली. लिहिलेलं खोडू नये, चूक असेल तर खाली दुरुस्ती लिहावी, असं बाबांनी शिकवलंय. नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, घरी त्यांच्याचपुढे पाटी घेऊन बसायचे. सवय जात नाही.

डॉ. लतिका पन्नाशीच्या असतील. हात गार होते त्यांचे. आधी एकमेकांवर चोळून गरम केले, मग लावले. गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेपनं मोजलं, नर्सनं आकडे लिहून घेतले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातले रविवार मोजत होते.
“पहले वज़न कितना था?” एक्क्याण्णव. “अब?” अठ्ठावन्न. “शाबाश.”
वजन गेलं, कातडी राहिली. पिशवी रिकामी केल्यावर लोंबते तशी. हे त्या म्हणाल्या नाहीत, मी म्हणतेय.

सैल स्तन वर उचलायच्या ऑपरेशनची तीन चित्रं कागदावर काढून दाखवली. पहिलं — काळ्या वर्तुळाभोवतीच कापायचं, वण तेवढाच. दुसरं — वर्तुळ आणि तिथून खाली सरळ रेघ. तिसरं — वर्तुळ, रेघ, आणि खालच्या घडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी कमान. नावेच्या लंगरासारखं दिसतं. बोट तिसऱ्यावर ठेवलं. “आपके लिए यह.”
पहिल्यानं नाही का होणार? “कर दूँगी. छह महीने में फिर वही, और घेरा फैल जाएगा सो अलग.”
आणि वण? “निशान तो रहेगा. कितना, यह आपकी चमड़ी बताएगी.”
मग माझ्या दंडावरची लहानपणीच्या लशीची खूण पाहिली. अंगठ्यानं दाबली. जाड आहे ती, गुळगुळीत, चिंचोक्यासारखी. “हूँ,” एवढंच म्हणाल्या.
आणखी सांगितलं ते असं. स्तनाग्र बधिर होऊ शकतं, काही महिने किंवा कायमचं. पुढे मूल झालं तर दूध येईल, न येईल. मूल झाल्यावर पुन्हा सैल पडू शकतं, म्हणून पुष्कळ जणी त्यानंतरच येतात.
“शादी तय है?” मे महिन्यात. “उनको पता है?” नाही.
घरी येऊन वरणभात जेवले.

१५ नोव्हेंबर
आनंदी आत्या कार्तिकस्नानाला बोलवायला आली होती. इथे काशीत पहाटे पंचगंगा घाटावर सगळ्या बायका जातात. मी सलग चौथ्या वर्षी सर्दी सांगितली.
“दरवर्षी कार्तिकातच बरी सर्दी होते गं तुला. गंगेला कसली लाज? तिनं सगळ्यांचं बघितलंय.”
गंगेची लाज नाही. ओलं पातळ अंगाला चिकटतं, बायका बघतात, आणि बघितलंच नाही असं दाखवतात. त्याची.

१८ नोव्हेंबर
साखरपुडा दसऱ्याला झाला. नीलकंठ अलाहाबादला बँकेत आहेत, शनिवारी ब्रह्माघाटावरच्या घरी येतात. रोज फोन. “जेवण झालं?” झालं. “काय केलेलं?” मी भाजीचं नाव सांगते. सावकाश बोलतात, मधे कुणाला तोडत नाहीत. चांगले आहेत.
साखरपुड्याला मी जाड अस्तराचा, आत पट्ट्या शिवलेला ब्लाउज घातला होता. फोटोत मी बरी दिसते. म्हणजे फोटोत ब्लाउज बरा दिसतो. त्यांनी होकार कशाकडे बघून दिला, हे मला माहीत आहे आणि त्यांना नाही.
बाबांनी शिकवलेलं स्मृतीतलं एक वाक्य सारखं आठवतं. मुलीत दोष असून तो न सांगता जो तिला लग्नात देतो, त्याला राजानं दंड करावा. दंड बापाला! आठ वर्षांची असताना पाठ केलं होतं.

२३ नोव्हेंबर
शरदिनीकाकू, नीलकंठांच्या आई, आल्या होत्या. त्यांच्या सासूची नथ आणली दाखवायला. मोती पिवळसर झालेत, पण वजनदार आहे. मागे फासा आहे, चाप नाही. नाक टोचल्याशिवाय बसत नाही.
“आजकालच्या मुली चापाची घालतात आणि आशीर्वादाला वाकल्या की नथ ताटात. आमच्याकडे नाही चालायचं हं.”
आईनं माझ्याकडे पाहिलं. चौदाव्या वर्षी मी नाक टोचायला नको म्हणून रडून ओकले होते. मी म्हटलं, टोचते.
काकूंनी गालावरून हात फिरवला. “गुणाची आहे हो.”

२४ नोव्हेंबर
काल खरं लिहिलं नाही. हो म्हणाले ते काकूंसाठी नव्हे. चमड़ी बताएगी म्हणाल्या होत्या ना डॉक्टर? नवी जखम कशी भरते ते नाकावर कळेल.
डॉक्टरांना फोन करून विचारलं. “नाक अलग है, छाती अलग. पक्का सबूत नहीं. पर हाँ, कुछ तो पता चलेगा.”

२ डिसेंबर
ठठेरी बाजारातल्या सोनारानं डाव्या नाकपुडीत सोन्याची तार घातली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते रडणं नव्हतं, नुसतं पाणी. आईनं हळद-खोबरेल लावलं.

९ डिसेंबर
आईला सगळं सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. करतच राहिली.
“दाखव,” म्हणाली.
दाखवलं. तिनं पाहिलं, मग माझा कुर्ता तिनंच खाली ओढून नीट केला, मी सहा वर्षांची असल्यासारखा.
“लग्न झालं की कुणी बघत नाही गं.”
म्हणजे?
“म्हणजे... सवय होते.” मग म्हणाली, “बाबांना नको सांगूस इतक्यात.”

२० डिसेंबर
नाक ठीक. सूज नाही.

३१ डिसेंबर
ठीक.

१३ जानेवारी २०१९
तारेच्या कडेला लाल दाणा आला आहे. मोहरीएवढा.

१६ जानेवारी
आत्या म्हणते, तीळगुळाची उष्णता. आई म्हणते, मी झोपेत हात लावते. मी हात लावत नाही. रोज सकाळी एकदा आरशात पाहते, एकदाच. दुरुस्ती — दोनदा.

२७ जानेवारी
तुरीच्या डाळीएवढा. कडक आहे. दुखत नाही, खाजतो.
शरदिनीकाकू हळदीकुंकवाला भेटल्या. वाण देताना बघत राहिल्या. “हे काय गं? लग्नापर्यंत जाईल ना? फोटोत नाकच येतं पुढे.”

४ फेब्रुवारी
आई बरोबर आली होती. डॉ. लतिकांनी दिव्याखाली नाक पाहिलं, मग पुन्हा दंड पाहिला. म्हणाल्या, केलॉइड. काहींची कातडी जखम भरून झाली तरी थांबत नाही, भरतच राहते. नाकात इंजेक्शन दिलं. दाणा बसेल, पुन्हा उठूही शकतो.
आईनं विचारलं, “और वो... बड़ा वाला?”
“माँजी, वहाँ टाँके एक-एक बालिश्त के होंगे, दोनों तरफ.” वीतभर. “यही चीज़ वहाँ उठी तो रस्सी जैसी दिखेगी. खुजली, जलन. इंजेक्शन देते रहेंगे, सिलिकॉन की पट्टी लगाएँगे, दब भी जाती है. पर मैं वादा नहीं करूँगी.” मग माझ्याकडे वळून — “आकार अच्छा आएगा. वह वादा है. सोच लीजिए, कौन-सी चीज़ के साथ रहना है.”
रिक्षात आई म्हणाली, “झालं मग. देवानंच ठरवलं.”
मी हूं म्हटलं. गोदौलियाला अर्धा तास अडकलो. एक बैल रस्त्यात बसला होता, त्याला कुणी उठवत नव्हतं.

१० फेब्रुवारी
काही वाटत नाही. सहा दिवस वाट पाहिली काही वाटेल म्हणून. लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावते, घरी येते, जेवते.

१७ फेब्रुवारी
आज बाबांना विचारलंच. ते ओसरीवर पोथी उघडून बसले होते. मी विचारलं, बाबा, ते दोष न सांगता मुलगी देण्याचं — दोषांत काय काय धरतात?
त्यांनी चष्मा वर केला. “रोग. वेड. आधी दुसऱ्याला दिलेली असणं. का?”
लायब्ररीत एकजण विचारत होती. शरीर बेढब असेल तर?
“म्हणजे कसं?”
म्हणजे कपड्यांत दिसत नाही असं.
बाबांनी पान उलटायला उचललं होतं. पोथीचं पान हातात तसंच. “तिला सांग, अंग कसं असावं हे काही कुणाच्या हातात नसतं. लपवून ठेवावंसं वाटतं ना, ते ज्याला अंधारात ठेवलंय त्याला सांगून टाकावं. मग तो दोष राहत नाही, माहिती होते.”
मग पान ठेवलं आणि म्हणाले, “तिला म्हणावं, घाबरू नको.”

१८ फेब्रुवारी
नीलकंठांना लिहून पाठवलं. फोनवर बोलता आलं नसतं. एक्क्याण्णव किलो, तेहतीस किलो कमी, सैल कातडी, तीन चित्रं, केलॉइड, सगळं. पाठवायच्या आधी अकरा वेळा वाचलं, कुठे वाढवून किंवा कमी करून तर लिहिलं नाही ना.
दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी
आज “जेवण झालं?” नाही.

२१ फेब्रुवारी
उत्तर आलं. उतरवून ठेवते, शब्दन् शब्द.
“मृणाल, तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस. मी खूप सोचून लिहितोय. ऑपरेशनच्या भानगडीत पडू नकोस. उगाच वण राहतील, ते आणखी वाईट. मला काही प्रॉब्लेम नाही. माझ्या आईला मात्र कळू द्यायचं नाही. आणि तू टेन्शन घेऊ नकोस, आपण लाइट बंद ठेवत जाऊ.”

२२ फेब्रुवारी
पाच वेळा वाचला मेसेज. माणूस चांगला आहे. त्यानं मोडलं नाही, रागावला नाही, कुणाला सांगितलं नाही. आईला वाचून दाखवला तर ती रडली — आनंदानं. देवापुढे साखर ठेवली.
मला त्यात चूक काढता येत नाही. शोधतेय.

२६ फेब्रुवारी
मी चार वर्षं दिवा बंद करूनच कपडे बदलते. तेच त्यांनी म्हटलं. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून आलं, मग मला का असं झालं?
आतापर्यंत एकटीनं करत होते. आता दोघांनी मिळून करायचं, चाळीस वर्षं.

३ मार्च
आज दुपारी घरी कुणी नव्हतं. खिडकीचा पडदा सरकवून, उजेडात, आरशापुढे उभी राहिले. सुमारे दहा मिनिटं. पेन घेऊन तिसरं चित्र अंगावर काढून पाहिलं — वर्तुळ, रेघ, कमान. मग पेन दाबून रेघा जाड केल्या, दोरीएवढ्या. उचलून धरून पाहिलं.
भयंकर दिसलं असतं तर बरं झालं असतं, निकाल लागला असता. भयंकर नाही दिसलं. शिवलेलं दिसलं. कुणीतरी बसून नीट शिवल्यासारखं.
साबणानं पुसलं. शाई नीट गेली नाही.

५ मार्च
आईला सांगितलं, करून घेणार आहे. पैसे माझ्या पगारातून साठलेले आहेत. वण उठले तर उठले.
“अगं पण तो नको म्हणतोय ना? तो असा तयार असताना—”
तयार आहे, बंद दिव्यात.
“बायकांना एवढं बघून चालत नाही, मृणाल.” मग एकदम म्हणाली, “मी तुझ्या बाबांना सांगते. माझ्याच्यानं पेलवत नाही.”

६ मार्च
नीलकंठांना फोन केला. म्हटलं, मी ऑपरेशन करणार, आणि नंतर दिवा चालू राहील. ते म्हणाले, “तू जिद्द का करतेस? मी तर ॲडजस्ट करतोय ना.” मी म्हटलं, हो, करताय. ते म्हणाले, वण बघणं मला जमणार नाही, खरंच सांगतो. खरं सांगितल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले. मग लग्न होणार नाही, एवढं ठरवून दोघांनी फोन ठेवला.
बाबा दिवसभर माझ्याशी बोललेले नाहीत. जेवताना ताक मागितलं, तेही आईकडे.

८ मार्च
साखरपुड्याची साडी, अंगठी आणि नारळ परत करायला बाबा ब्रह्माघाटावर गेले होते. स्वतः, पायी, भर दुपारी. परत आल्यावर पाय धुतले, पाणी प्यायले, आणि मला विचारलं, “डॉक्टरीणबाई मंगळवारी किती वाजता बसतात? ऑपरेशनच्या त्या कागदावर एका नातेवाइकाची सही लागते म्हणे.”