पाच वॉटचा पंप आणि भाऊजींचा जनरेटर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? पट्टा बांधून बसता येतं असं जाऊबाई म्हणाल्या. पत्र वाचून झालं की त्यांनाही द्या, म्हणजे मला दोनदा लिहायला नको. मी बरी आहे. हे गेल्याला चार महिने झाले, भेटायला येणारे कमी झाले, त्यामुळे चहाला पुन्हा लहान पातेलं घेते.

तुम्ही पाठवलेला जनरेटर पोचला. (तिघांनी तो आणून आदळला आणि पाणी न पिताच निघून गेले.) तुम्ही एकतीस वर्षं कारखान्याचं वीजखातं सांभाळलंत, तेव्हा तुमच्या हिशेबात मी काय बोलणार? पण मी विचारलं काय होतं, ते आठवून पाहा. तारा बदलायचं काम चालू असल्यामुळे दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक ते चार वीज नसते. यांच्या माशांच्या टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडतो. पहिल्याच शुक्रवारी दोन मासे गेले. उरले तीन, त्यांत तो काळा म्हातारा, ज्याला हे ‘साहेब’ म्हणायचे. पंपासाठी काय करू, एवढंच मी विचारलं होतं.

त्यावर तुम्ही म्हणालात, “वहिनी, अर्धवट काम नको. घराचा पूर्ण लोड काढू.” मग आमच्या लेकीला फोनवर धरून प्रत्येक वस्तूच्या पाठीवरचा आकडा वाचायला लावलात. ती बिचारी गिझरखाली स्टूल घेऊन उभी. तुमची यादी मशीनबरोबर आली आहे. गिझर, इस्त्री, मिक्सर सगळं एकाच वेळी चालू धरलंय (मला हात किती आहेत असं वाटलं तुम्हाला?). पंप मात्र यादीत नाही, कारण त्याच्यावरचा आकडा पुसला गेलाय. आणि यांचं दाढीचं मशीन आहे. यांचा उशाशेजारचा दिवाही आहे. तुमच्या यादीत घरातलं कुणी गेलेलंच नाही, भाऊजी. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

जोडणीसाठी बोलावलेल्या मेकॅनिकने मशीन पाहिलं, मग पंप पाहिला. पंपाला पाच वॉट पुरे, या मशीनवर पिठाची गिरणी चालेल, म्हणाला. तुमच्या सांगण्याप्रमाणे गॅलरीत ठेवायचं, आवाज नको म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, “काकू, याचा धूर विषारी असतो. असं केलंत तर माशांच्या आधी तुम्ही जाल.” कारखान्यात बहुधा भिंती नसाव्यात.

म्हणून जनरेटर खाली आवारात, मोकळ्यावर, आणि तिथून वर पंपापर्यंत लांब वायर. आम्ही चौथ्या मजल्यावर. वीज गेली की लिफ्ट बंद, हे यादी करताना कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मंगळवारी मी चार मजले उतरले. दोरी ओढली. अकराव्यांदा तो सुरू झाला आणि असा बोंबलला की तळमजल्यावरचे दंतवैद्य हातात चिमटा घेऊन बाहेर आले, मागून पेशंट, तोंड उघडंच. मी वर पोचले तेव्हा पंप चालू होता. पाच मिनिटांनी बंद. ‘तोंड मिटा’ म्हटलेलं पेशंटला ऐकू येत नव्हतं, म्हणून दंतवैद्यांनी बटण दाबलं होतं. मी पुन्हा उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्यांदा उतरायची ताकद राहिली नाही.

तेव्हा टाकीजवळ स्टूल ओढलं आणि तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत बसले. पाण्यात हवा मिसळते. पंप दुरुस्तीला गेला की हे असंच करायचे, आणि मी यांना हसायचे. शुक्रवारीही तेच केलं. तिन्ही मासे जिवंत आहेत. तुमचं यंत्र खाली झाकून ठेवलं आहे.

जाऊबाईंना नमस्कार. कंबरेला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. दंतवैद्यांना आवाजाची हरकत फक्त वीज दुसऱ्याला मिळत असताना होती. आता जनरेटर त्यांच्या खुर्चीला जोडला आहे. तुमची परवानगी विचारायला हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण तो कालच जोडून झाला.

आणखी एक. बॅटरीवर चालणारा मुठीएवढा पंप मिळतो, तो मेकॅनिक उद्या आणून देणार आहे. म्हणजे हवेचा प्रश्न मिटला. पण साहेब हे गेल्यापासून जेमतेम खायचा, आता नऊ दिवस काहीच खात नाही. खायला घालताना हे त्याच्याशी बोलायचे, कसलंही, ऑफिसातलं, पेपरातलं. मी बोलून पाहिलं, तो कोपऱ्यातून हलत नाही. तुमचा आवाज यांच्यासारखा आहे, फोनवर लेकसुद्धा फसते. पट्टा बांधून एक दिवस या. टाकीसमोर खुर्ची ठेवते. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा, फक्त जरा मोठ्याने बोला. मी स्वयंपाकघरात असेन.