चौथी बशी

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, पण घोटीचे पाहुणे मला बघायला सातपूरला आले होते, तो रविवार अजून जसाच्या तसा आठवतो. एम.एस्सी. संपत आली होती. पुण्याला पीएच.डी.साठी जागा मिळाली होती आणि होकार त्याच आठवड्यात कळवायचा होता. आईनं बजावलं होतं, "पुण्याचा विषय काढायचा नाही." तुम्ही तिला अडवलं नाहीत. मला तुमचा भयंकर राग आला होता.

पोहे झाल्यावर मुलाच्या मामांनी विचारलं, "कशावर चाललंय शिक्षण?" मी घाईघाईत सांगते: दोन ऑक्साइडं असतात, दोन्हींतून वीज जात नाही, पण एकावर दुसऱ्याचे अगदी पातळ थर चढवले, की सांध्यात इलेक्ट्रॉनांचा पट्टा तयार होतो आणि तिथून वीज वाहते. शोध तेव्हा नवाकोरा होता. मामा हसले. "लय भारी. पण लग्नानंतर त्याचं काय काम नाय." आई मान डोलावते. मी साडीचा पदर मुठीत धरून बसलेली. आणि तुम्ही विचारता, "पण मग ते इलेक्ट्रॉन येतात कुठून?"

आईनं डोळे वटारले. मी ट्रे पुढे ओढला. हा ट्रे म्हणजे खालचं ऑक्साइड. मामांची रिकामी बशी म्हणजे वरच्याचा पहिला थर. त्यातल्या एका पातळीवर धन भार, पुढच्या पातळीवर ऋण. थर वाढेल तसा आतला ताण वाढतो. दुसरी बशी, तिसरी, अजून वीज वाहत नाही. चौथ्या थराला ताण सोसवत नाही आणि इलेक्ट्रॉन खाली सांध्यात उतरतात. चौथी बशी मुलानं स्वतःच पुढे केली, तिच्यात पोहे तसेच होते. काही जण म्हणतात, खालच्यातला थोडा ऑक्सिजन निघून जातो, त्याचे हे इलेक्ट्रॉन. भांडण अजून मिटलेलं नाही, असं मी सांगत होते, तेवढ्यात मामांनी तोडलं. "हे पुण्याला-बिण्याला जायचं तर नाय ना?"

तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "जाणार आहे ती. उद्याच कळवतोय आम्ही."

मामा उठलेच. आई कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी मला हाक मारलीत, "ते ऑक्सिजनचं राहिलं ना सांगायचं?"

आज मी तेच शिकवते, ते तुमच्या त्या एका वाक्यामुळे. तुमचे आभार कधी तोंडावर मानले नाहीत. हे पत्र टाकायचं तरी कुठे, कपाटातच राहील. म्हणून लिहिते, आईलाही हे कधी सांगितलं नाही. तो मुलगा मला आवडला होता.